परदेशी पोस्टिंगवरच्या फजिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मदतकार्यासाठी परदेशी निघालेल्या माणसाला लोक चारचौघांत युद्ध, दुष्काळ, साथीचे रोग यांबद्दल विचारतात. नंतर एकट्याला गाठून खरं काय ते विचारतात: संडासाची सोय काय, आंघोळ कशी करायची, गाडी चिखलात रुतली तर ढकलायची कोणी. हे पान अशा दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांचं आहे. ते पाठवणाऱ्यांत पहिल्यांदा निघालेले आहेत, त्यांचे आईवडील आहेत आणि परत येऊन गोंधळलेलेही आहेत. सोपे प्रश्न आधी घेतलेत, अडचणीचे शेवटी. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलंय.

१. तुम्ही तिकडे नेमकं करता काय? दिवसभर धान्याची पोती वाटता?

पोती उचलणारे हमाल तिथलेच असतात आणि आपल्यापेक्षा कितीतरी चपळ असतात. बाहेरून आलेल्याच्या वाट्याला येतात मोजणी, सह्या, एक्सेल आणि मीटिंगा. ट्रक रिकामा होताना कागद हातात धरून उन्हात उभं राहायचं. कागदावर ६०० पोती, मोजणीत ५९८. पुन्हा मोजली की ६०१. तिसऱ्यांदा मोजायला निघालात की हमालांचा मुकादम ज्या नजरेने बघतो, ती पुढची कित्येक वर्षं आठवते. उरलेला वेळ वाट बघण्यात जातो: परवान्याची, विमानाची, पाऊस थांबण्याची आणि मुख्यालयाच्या ईमेलची. यांतला पाऊस सर्वांत आधी थांबतो.

२. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर नाही. माझा काही उपयोग आहे का?

हिशेब जुळवता येतो? गोदामातला माल कुठे आहे हे न शोधता सांगता येतं? बंद पडलेल्या जनरेटरसमोर न चिडता बसता येतं? मग उपयोग आहेच. दवाखान्यात डॉक्टर असून औषधांची पेटी विमानतळावर अडकली असेल, तर त्या दिवशी सर्वांत महत्त्वाचा माणूस लॉजिस्टिक्सवाला असतो. फक्त 'लोकांची सेवा करायची आहे' एवढंच अर्जात लिहू नका. ते सगळेच लिहितात.

३. सामान किती न्यायचं? हमखास काय राहून जातं?

दुर्गम ठिकाणी जायला बहुतेकदा जागतिक अन्न कार्यक्रम चालवतो ती संयुक्त राष्ट्रांची मानवतावादी विमानसेवा असते. तिथे सामानाची मर्यादा साधारण २० किलो, काही मार्गांवर १५. लहान विमान असेल तर बॅगेसोबत प्रवाशालाही काट्यावर उभं करतात, आणि आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवतात. सहकाऱ्यांशी ओळख व्हायला याहून चांगली सुरुवात नाही.

न्यावं असं: कपाळाला बांधायचा टॉर्च, कानात घालायचे बोळे (का ते प्रश्न ८ मध्ये), चष्मा असेल तर दुसरा चष्मा, पातळ दोरी, पासपोर्ट फोटोंचा गठ्ठा. फोटो कोण कधी मागेल सांगता येत नाही. डॉलर नेणार असाल तर नोटा नव्या मालिकेच्या आणि कोऱ्या हव्यात. कित्येक देशांत घडी पडलेली किंवा शाईचा ठिपका असलेली नोट घेत नाहीत, घेतली तर कमी भावाने घेतात. म्हणून अनुभवी लोक नोटा जाड वहीत ठेवतात आणि ती वही कोणाला हात लावू देत नाहीत.

विमानाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो: वैमानिक एकदा खाली येऊन न उतरता परत वर गेला तर घाबरू नका. तो धावपट्टीवरच्या शेळ्या हाकलतोय.

४. ते पिवळं कार्ड काय असतं? विमानतळावर त्यावरून भांडण होतं म्हणे.

पीतज्वराची लस घेतल्याचा आंतरराष्ट्रीय दाखला. लस घेतल्यावर दहा दिवसांनी तो लागू होतो, म्हणून आदल्या आठवड्यात लस घेऊन निघणारे अडकतात. पूर्वी त्याची मुदत दहा वर्षं होती. ११ जुलै २०१६ पासून तो जन्मभर चालतो, आणि हे जुन्या कार्डांनाही लागू आहे. भांडण होतं ते इथे, कारण जुन्या कार्डावर संपल्याची तारीख ठळक लिहिलेली असते आणि टेबलापलीकडच्या माणसाला ती तारीख दिसते, नियम दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या नियमाची छापील प्रत कार्डाला पिन करून ठेवा आणि आवाज न चढवता पुढे सरकवा. कागदावर शिक्का असला की काम लवकर होतं.

५. त्या पांढऱ्या गाडीत सगळे समोरासमोर का बसलेले असतात?

ती बहुधा टोयोटाची लँड क्रूझर, ७० मालिकेतली लांब पाठीची. मागे दोन बाकं, एकमेकांकडे तोंड करून. पाच तासांच्या प्रवासात समोरच्याचे गुडघे तुमच्या गुडघ्यांत आणि मध्ये औषधांची खोकी. एखाद्याला गाडी लागत असेल तर त्याला आधी विचारून दाराजवळ बसवा. नंतर विचारून फायदा नसतो.

गाडीचा मालक ड्रायव्हर. कागदोपत्री तुम्ही त्याचे साहेब असाल, पण 'पुढे जायचं नाही' असं तो म्हणाला की जायचं नाही. दक्षिण सुदानात पावसाळ्यात काळी माती अशी चिकट होते की मोठा भाग रस्त्याने गाठताच येत नाही. तिथे 'जमेल हो, थोडंसं तर पाणी आहे' हे वाक्य नेहमी परदेशी माणूसच बोलतो. गाडी रुतल्यावर ढकलायला सगळे उतरतात. नवखा माणूस उत्साहाने नेमका फिरणाऱ्या चाकाच्या मागे उभा राहतो, आणि त्याचा चेहरा मातीच्या लेपातून बाहेर यायला दोन बादल्या पाणी लागतं.

पुढच्या बंपरवरची लांब अँटेना वाकवून बांधलेली असते तीही उगाच नाही. ती सुटी राहिली आणि वर विजेच्या तारा लोंबत असल्या तर गंमत संपली.

६. वायरलेसवर काय बोलायचं, कसं बोलायचं? मला हसू येतं.

सगळ्यांनाच येतं, पहिला आठवडाभर. नाव घ्यायचं नाही, ठरवून दिलेलं सांकेतिक नाव वापरायचं. अक्षरं अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी सांगायची. आपलं बोलून झालं आणि उत्तर हवं असेल तर 'ओव्हर'. संभाषण संपवायचं असेल तर 'आऊट'. 'ओव्हर अँड आऊट' असं कोणी म्हणत नाही: बोला आणि बोलू नका असं एका दमात सांगण्यासारखं आहे ते. काही ऐकू आलं नाही तर 'से अगेन' म्हणायचं, 'रिपीट' नाही. तोफखान्याच्या भाषेत 'रिपीट' म्हणजे त्याच जागी पुन्हा मारा करा. आपण सैन्यात नाही हे खरं, पण सवय चांगली असलेली बरी.

संध्याकाळची हजेरी हा खरा कसोटीचा क्षण. रोज ठरलेल्या वेळी ऑपरेटर एकेकाला पुकारतो, उत्तर द्यावंच लागतं. नाही दिलं तर तो परत पुकारतो, मग तिसऱ्यांदा, मग तुमच्या साहेबाला फोन. नेमके त्याच वेळी लोक डोक्याला साबण लावून बसलेले असतात. पाणी गळणाऱ्या हाताने सेट कानाला लावून एखादा रुबाबात 'ऐकतोय, सगळं ठीक' म्हणतो आणि मागून बादली पडल्याचा आवाज पूर्ण शहरातल्या सर्व संस्थांना ऐकू जातो. बोलायचं बटण दाबलेलं राहून गेलं की त्याहून वाईट. सेट बाजूला ठेवताना बटण सुटलंय ना एवढं बघा, कारण साहेबांबद्दलची तुमची मतं वाहिनीवर सर्वांना ऐकवायची नसतात.

७. मीटिंगला मी वेळेवर पोचले, तिथे कोणीच नव्हतं. असं कसं?

पूर्व आफ्रिकेत असाल तर कदाचित सहा तासांचा फरक पडला असेल. इथिओपियात आणि स्वाहिली बोलणाऱ्या भागात घड्याळ पहाटेपासून मोजतात. सकाळी सातला एक वाजतो, आठला दोन. 'दोन वाजता भेटू' असं ठरलं, तुम्ही दुपारी पोचलात, सरपंच सकाळी आठपासून वाट पाहून गेले. सरळ विचारायचं: सकाळी की दुपारी, ऊन कुठे असेल तेव्हा.

इथिओपियाचं कॅलेंडरही वेगळं: १३ महिने, नवं वर्ष सप्टेंबरात आणि साल आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे. करारावर दोन्ही तारखा लिहून घ्या, नाहीतर हिशेब विभागाला वाटेल की तुम्ही पंप बसवण्याआधी कित्येक वर्षं त्याचे पैसे दिलेत. निर्वासितांच्या नोंदणीत तर हजारो लोकांचा वाढदिवस १ जानेवारी असतो. जन्मतारीख माहीत नसली की रकाना तसाच भरतात. त्या दिवशी कोणाला 'तुमचा वाढदिवस का?' असं विचारलंत तर ते तुमच्याकडे दयेने बघतील.

८. राहायची सोय कशी असते? स्पष्ट सांगा, आई विचारते आहे.

आईंना सांगा: भिंत, छप्पर, मच्छरदाणी आणि आठ-दहा अनोळखी माणसं असतात. जनरेटर ठरावीक तासच चालतो. चालू असला की त्याच्या आवाजाने झोप लागत नाही, बंद झाला की पंखा थांबतो म्हणून लागत नाही. आंघोळ बादलीत, मगाने. पाणी काळ्या टाकीत असेल तर दुपारी चटका बसतो, पहाटे हुडहुडी भरते. मधला अर्धा तास गाठण्यासाठी घरात राजकारण चालतं.

संडासाचं असं आहे. मदतकार्यात १९९७ मध्ये सुरू झालेल्या स्फिअर प्रकल्पाची किमान मानकं आहेत: माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, २० जणांमागे एक संडास. छावणीत हे आकडे पाळले जावेत म्हणून दिवसभर भांडणारा इंजिनिअर संध्याकाळी गेस्ट हाऊसला येतो आणि तुंबलेल्या एकुलत्या एका संडासाबाहेर रांगेत उभा राहतो. एरवी तो सगळ्यांत आधी ज्ञान पाजळतो, रांगेत मात्र गप्प असतो.

खड्ड्याच्या संडासात जाताना मोबाईल मागच्या खिशात ठेवू नका. टॉर्च कपाळाला घट्ट बांधा. पडलेला टॉर्च बॅटरी संपेपर्यंत खालून उजेड देत राहतो आणि घरातल्या प्रत्येकाला कळतं की कोणाचा होता.

९. पोट बिघडलं तर?

'तर' नाही, 'तेव्हा' असं विचारा. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. तयार पुड्या असतील तर त्याच वापरा, पण हे प्रमाण पाठ असू द्या. ताप आला, रक्त पडलं किंवा पाणी पोटात टिकेना तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टर गाठा. सडक्या अंड्याच्या वासाचे ढेकर येत असतील तर जिआर्डिया नावाचा आतड्यातला परजीवी असू शकतो, तपासून घ्या. तोवर जेवणाच्या टेबलाच्या टोकाला बसा.

इथे समाजातला एक फरक कळतो. एरवी जे विषय लोक दार लावून बोलतात, ते गेस्ट हाऊसमध्ये नाश्त्याला बोलले जातात, रंग आणि संख्येसकट. नवा माणूस पहिले दोन दिवस ताट बाजूला सारतो. तिसऱ्या आठवड्यात तोच सर्वांत सविस्तर वर्णन करत असतो.

१०. तिथल्या मावशी मोज्यांना आणि आतल्या कपड्यांनाही इस्त्री करतात. हे लाड कशाला?

लाड नाहीत. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला एक माशी आहे, मँगो फ्लाय म्हणतात तिला. ती सावलीत वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर अंडी घालते. अळी कपड्यातून कातडीत शिरते आणि काही दिवसांनी गळवासारखी गाठ येते, आत काहीतरी हलतंय असं वाटणारी. गरम इस्त्रीने अंडी आणि अळ्या मरतात, म्हणून शिवणींवरून, इलॅस्टिकवरून फिरवायची. गाठ आलीच तर दाबून फोडू नका. वर व्हॅसलिनचा जाड थर दिला की अळीला हवा मिळत नाही, ती तोंड वर काढते. मग दवाखान्यात काढून घ्या.

मुख्यालयाने एकदा आमच्या खर्चात 'इस्त्रीचा कोळसा' बघून ही चैन कशासाठी असं विचारलं होतं. उत्तरादाखल फोटो पाठवला. त्यानंतर कोळशावर कोणी बोललं नाही.

११. मलेरियाच्या गोळ्यांनी खरंच भयंकर स्वप्नं पडतात?

मेफ्लोक्विनने काहींना पडतात. ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, आणि ज्या घरात सगळे एकाच वारी घेतात तिथे दुसऱ्या दिवशीचा नाश्ता रंगतो. पण हा विषय फक्त हसण्यावारी नेऊ नका: मानसिक त्रासाच्या शक्यतेमुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये या औषधावर आपला सर्वांत कडक इशारा छापायला लावला. नैराश्याचा वगैरे त्रास झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, पर्याय आहेत. डॉक्सिसायक्लिन रोज घ्यावी लागते, उन्हाने कातडी लवकर भाजते, आणि गोळी घेऊन लगेच आडवं झालं तर अन्ननलिका जळते. परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते, जे हमखास विसरलं जातं.

१२. कुपोषित मुलांसाठीची ती शेंगदाण्याची पेस्ट चाखली तर चालतं का?

नाही. प्लम्पीनट नावाची ती पेस्ट १९९६ मध्ये तयार झाली. ९२ ग्रॅमच्या पुडीत ५०० कॅलरी, पाणी मिसळायची गरज नाही, त्यामुळे मुलाला घरी ठेवून उपचार करता येतात. चव खरंच चांगली असते आणि अडचण तीच आहे. ते औषध आहे, पुड्या मोजून येतात. रात्री अकराला भूक लागली म्हणून गोदामाची किल्ली मागू नका.

१३. मीटिंगमध्ये सगळे आद्याक्षरांतच बोलतात. मला काही कळत नाही.

कोणालाच सगळं कळत नाही. मदतकार्यातल्या २००५ च्या सुधारणांनंतर कामाची क्षेत्रवार विभागणी झाली: आरोग्य, निवारा, पोषण, पाणी-स्वच्छता असे गट, त्यांना क्लस्टर म्हणतात. प्रत्येकाच्या बैठका, प्रत्येकाची लघुरूपं. 'एनएफआय' म्हणजे खायच्या नसलेल्या वस्तू: चादरी, भांडी, ताडपत्री. माणसाच्या गरजांची अर्धी यादी 'जे अन्न नाही ते' अशा नावाखाली येते हे मला अजून पचलेलं नाही. पहिल्या आठवड्यात वहीच्या मागच्या पानावर यादी करा आणि शेजारच्याला विचारा. शेजारचा आत्मविश्वासाने सांगतो, पण दुसऱ्या शेजाऱ्यालाही विचारा.

१४. गावकऱ्यांनी जिवंत कोंबडा भेट दिला. नियमात भेट घ्यायची नाही असं आहे. काय करू?

हा प्रश्न इतक्यांदा येतो की त्यावर वेगळी पुस्तिका निघायला हवी. पंपाचं काम पूर्ण झालेलं असतं, बैठक संपत आलेली असते, एक म्हातारी पुढे येते आणि पाय बांधलेला कोंबडा तुमच्या हातात ठेवते. नियमावली म्हणते घेऊ नका. दुभाषी कानात म्हणतो, परत केलात तर गाव वर्षभर बोलेल. दोघंही बरोबर असतात.

बहुतेक संस्थांत किरकोळ किमतीची भेट चालते, पण ती चारचौघांत, पूर्ण टीमच्या नावाने घ्यायची आणि परतल्यावर नोंदवायची. आमच्याकडे असाच एक कोंबडा गाडीच्या बाकाखाली ठेवून निघालो. वाटेत सुतळी सुटली आणि तो औषधांच्या खोक्यावर चढून बसला. तेवढ्यात वायरलेसवर तासाची हजेरी आली. आमच्या आधी त्यानेच उत्तर दिलं, पूर्ण गळ्याने. ऑपरेटर क्षणभर थांबून आमच्या गाडीचं सांकेतिक नाव घेत म्हणाला, "मोबाईल चार, प्रवासी किती? ओव्हर." भेटवहीत रकाने होते: वर्णन, अंदाजे मूल्य, सध्या कुठे ठेवली आहे. शेवटच्या रकान्यात पहिल्या दिवशी 'स्वयंपाकघरामागे' लिहिलं गेलं, रविवारनंतर तो खोडून तिथे नुसती रेघ. लेखापरीक्षकाने त्या रेघेवर प्रश्नचिन्ह काढलं आणि ते अजून तसंच आहे.

अपवाद दोन, आणि ते पक्के आहेत. पुरवठादाराकडून पेनही घ्यायचं नाही. आणि मदतीच्या यादीत नावं घालण्याचं काम चालू असेल तर कोणाकडूनही काहीही घ्यायचं नाही, मग कितीही अपमान होवो. त्या दिवशी तुमच्या हातात कोंबडा दिसला तर उद्या यादीतल्या प्रत्येक नावावर शंका येईल.

१५. रस्ता बंद होता, ताडपत्र्या गाढवांवर लादून नेल्या. हिशेब विभाग गाडीचा नोंदणी क्रमांक मागतोय.

मागणारच. त्यांच्या फॉर्ममध्ये 'वाहन भाडे' असा रकाना आहे आणि त्याखाली क्रमांक, चालकाचा परवाना, विमा. रागाने 'चार पाय, दोन कान' लिहून पाठवू नका, तो विनोद त्यांनी ऐकलेला आहे.

हे पुरतं: मालकाचं नाव, अंगठा, दोन साक्षीदार, तारीख, कुठून कुठे, किती जनावरं, किती नग, ठरलेला दर आणि माल पोचल्याची गावातली सही. सोबत एका पानाचं टिपण, ट्रक का जाऊ शकला नाही ते सांगणारं.

अवघड भाग तीन कोटेशनांचा, म्हणजे तीन जणांकडून लेखी दर घ्यायच्या नियमाचा. पूर्ण खोऱ्यात गाढवं भाड्याने देणारा एकच माणूस असतो. मग लोक काय करतात? त्याच्याकडून एक, त्याच्या भावाकडून एक, मेव्हण्याकडून एक. तिन्ही कागद एकाच हस्ताक्षरात, तिन्हींत तीच शुद्धलेखनाची चूक. हसू येतं, पण ही लबाडीच आहे आणि उघडकीस आली तर नोकरी जाते. एकच पुरवठादार आहे असं कारण देऊन सूट मागायची पद्धत जवळपास प्रत्येक संस्थेत असते. ती सूट माल हलण्यापूर्वी लेखी मागायची. नंतर लिहिलेलं टिपण कितीही सुंदर असलं तरी त्याची तारीख बोलते.

१६. मदत म्हणून अगदी विचित्र वस्तू येतात हे खरं का?

खरं. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेच्या किनाऱ्यावर, भर उकाड्यात, हिवाळी कोट येऊन पडले. उंच टाचांचे बूट, एकाच पायाचे जोडे, अर्धवट वापरलेली सौंदर्यप्रसाधनं हे प्रत्येक आपत्तीत असतंच. ती खोकी उघडताना हसून घ्यावं, पण गोदामाची जागा आणि माणसं त्यात अडकतात. १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपानंतर सुमारे ५,००० टन औषधं आली आणि ती लावायला ५० माणसांना सहा महिने लागले. काहींवरची भाषा वाचता येईना, काहींची मुदत संपलेली. अशा अनुभवांमुळे १९९६ मध्ये औषधांच्या देणगीसाठी नियम आले: पोचताना मुदत किमान एक वर्ष उरलेली हवी, आणि लेबल तिथल्या माणसाला कळणारं हवं.

घरचे विचारतात, 'जुने कपडे पाठवू का?' उत्तर: पैसे पाठवा. तोंडावर सांगायला जीवावर येतं म्हणून लोक 'बघतो' म्हणतात, आणि महिन्याने खोकं येतं.

१७. कर्फ्यूची वेळ झाली आणि मी दुसऱ्या संस्थेच्या घरी अडकले. आता?

तिथेच थांबायचं. 'दोनच गल्ल्या तर आहेत' हा विचार सोडा. सेटवर किंवा फोनवर कळवा, त्यांच्या यादीत नाव घाला, सोफ्यावर झोपा. सकाळी हजेरीला तुमचं सांकेतिक नाव दुसऱ्याच ठिकाणाहून ऐकू येईल आणि नाश्त्यापर्यंत पूर्ण शहराने तुमचं लग्न ठरवलेलं असेल. खुलासे करू नका, त्याने वाढतं. बॅगेत टूथब्रश आणि एक कपडा कायम ठेवणं हा एकच उपाय.

१८. घरी फोन करताना काय सांगावं, काय नाही?

सॅटेलाइट फोनला उघडं आकाश लागतं, म्हणून तो गच्चीवर किंवा अंगणात उभं राहून करतात. आवाज अर्ध्या सेकंदाने पोचतो, दोघंही एकदम बोलतात, दोघंही एकदम थांबतात, मग आपण ओरडायला लागतो. नवरा-बायकोचं भांडण सगळ्या कंपाउंडला कळतं आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकी हळूच विचारतो, "मिटलं का?" आईशी बोलताना शेवटी 'ओव्हर' म्हणणारेही बरेच आहेत.

निघण्याआधी फोन चालतो का ते तपासा. थुराया कंपनीची सेवा युरोप, आफ्रिका आणि आशियाच्या काही भागांत आहे, अमेरिका खंडांत नाही, म्हणजे हैतीत तो कागद उडू नये म्हणून वर ठेवायला बरा. इरिडियम कंपनीचा फोन ६६ उपग्रहांवर चालतो आणि जगभर लागतो.

काय सांगावं, तर खरं पण छोटं. 'सगळं मस्त आहे' असं रोज म्हणाल तर कोणी विश्वास ठेवणार नाही. शेळीने अहवाल खाल्ला हे सांगा, आईवडील त्यावर आठवडाभर जगतात.

१९. परत आल्यावर मी विचित्र वागतोय असं घरचे म्हणतात.

बँकेत स्वतःचं नाव मायक, किलो, पापा करत सांगणं, नळ सुरू दिसला की धावत जाऊन बंद करणं, खोलीत शिरताच बाहेर पडायचं दुसरं दार शोधणं, फटाका वाजल्यावर पलंगाखाली नजर जाणं: पहिली दोन महिनाभरात जातात. शेवटची दोन गेली नाहीत, झोप उडाली, चिडचिड वाढली, तर हा गमतीचा भाग राहत नाही. संस्थेकडे समुपदेशनाची सोय बहुधा असते. ती मागणं करारातला हक्क समजा, उपकार नाही.

२०. लोकांचं घरदार गेलेलं असताना आपण विनोद करतो. हे बरोबर आहे का?

कोणावर करता त्यावर आहे. आपल्या फॉर्मवर, आपल्या साहेबावर, आपल्या पोटावर, चिखलातल्या आपल्या सहकाऱ्यावर: खुशाल. छावणीतल्या माणसाच्या अडचणीवर, त्याच्या इंग्रजीवर, रांगेतल्या धक्काबुक्कीवर: नाही, बंद दाराआडसुद्धा नाही. तिथल्या सहकाऱ्यांसमोर तर जपूनच, कारण ज्या गावाची तुम्ही नक्कल करता ते त्यांचं गाव असतं. तुमची मुदत संपली की तुम्ही विमानात बसता, ते तिथेच राहतात.

आणि छावणीतले लोक आपल्यावर किती हसतात हे तुमच्या कानावर आलेलं नसेल, तर दुभाष्याला विश्वासात घ्या. तुमची चाल, तुमचं वाकून बसणं, वहीत सारखं लिहिणं, सगळ्याच्या नकला झालेल्या असतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. समोरच्यांना आपल्यावर हसण्याइतकी मोकळीक वाटते, हे बरंच म्हणायचं.

२१. हे किस्से फोटोसकट सोशल मीडियावर टाकले तर?

स्वतःच्या चिखलाने भरलेल्या बुटांचा फोटो टाका. मुलांचे, रुग्णांचे, रांगेचे नाही. गाडी कुठे आहे, ताफा कधी निघणार, गोदामात काय आहे, हे विनोदाच्या ओघातही लिहायचं नाही. ठिकाणाचं नाव काढलं तरी मागचा पाण्याचा टॉवर ओळखू येतो. शंका असेल तर सुरक्षा अधिकाऱ्याला दाखवा. तो हसला तरी 'नको' म्हणाला तर नको. भेटवस्तूंचे फोटो टाकण्याआधी प्रश्न १४ मधले अपवाद पुन्हा वाचा.

२२. पोस्टिंग संपत आलंय. पुढच्या माणसासाठी हँडओव्हर नोटमध्ये काय लिहू?

प्रकल्पाची उद्दिष्टं लिहाल ती तो वाचणार नाही, ती प्रस्तावात आहेतच. हे लिहा: जनरेटर सुरू करताना कोणता स्विच आधी, कोणता नंतर. टाकीचा नळ उलटा फिरतो. परवाना कार्यालयात कोणत्या खिडकीवर जायचं आणि कोणत्या वारी ती बंद असते. गाडी क्रमांक दोनचं मागचं दार आतून उघडत नाही. कोणाचं देणं राहिलंय, कोणाला काय कबूल केलंय, आणि कोणाला काहीही कबूल करू नये.

मालमत्ता-यादीतली एक खुर्ची सापडणार नाही. ती तुमच्या आधीच्या माणसालाही सापडली नव्हती, आणि त्याच्या आधीच्यालाही. 'शोध चालू आहे' असं लिहून पुढे ढकलू नका. हरवल्याचा अहवाल भरा, सही करा आणि यादीतून काढून टाका. किल्ल्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावून जा.